चोक निवडण्याआधी नळी ओळखावी

बारा बोअरच्या बंदुकीतून सुटलेले छर्रे नळीच्या तोंडातून बाहेर पडताच पांगू लागतात, आणि किती अंतरावर ते किती पांगावेत हे ठरवण्यासाठी नळीचे शेवटचे काही सेंटिमीटर आतून किंचित निमुळते केलेले असतात. या निमुळतेपणाला चोक म्हणतात. काही बंदुकांत तो नळीतच कायमचा घडवलेला असतो, तर काहींत आटे पाडलेल्या एका छोट्या पोलादी ट्यूबच्या रूपाने नळीच्या तोंडात बसवता आणि काढता येतो. ही ट्यूब हरवली, गंजली, तिची कड ठेचली गेली किंवा वेगळ्या कामासाठी वेगळा चोक हवासा वाटला, की बदली ट्यूब शोधण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि बहुतेक बंदूकधारकांची गफलत इथेच होते. ट्यूबचे नाव घेऊन ते दुकानात जातात आणि नळीचे माप मात्र घरीच राहते. ‘हाफ चोक द्या’ एवढ्यावरून योग्य ट्यूब हाती येणे हा निव्वळ योगायोग असतो, कारण चोक हा एकट्या ट्यूबचा गुण नाही. ट्यूब आणि ती ज्या नळीत बसते ती नळी, या दोघींच्या आतील मापांमधला तो फरक आहे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा प्रश्न आणखी एक पायरी आधी सुरू होतो, कारण इथल्या परवानाधारकांच्या हाती असलेल्या बहुसंख्य बंदुकांत बदलता येईल असा चोक मुळातच नसतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या १३ व्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या बंदुकीचा आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. परवान्याचा निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. या चौकटीत आज दिसणाऱ्या बंदुका म्हणजे बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाच्या खांद्यावरची दुनळी, रानातल्या आखाड्यावर जागलीसाठी नेली जाणारी एकनळी, आणि जुन्या देशमुखी किंवा जहागीरदारी घरांत खंडेनवमीच्या पूजेला न चुकता बाहेर निघणारी वडिलोपार्जित बंदूक. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या काळी हिंदुस्थानात खपणाऱ्या विलायती बंदुका मँटन, रॉडा यांसारख्या कलकत्त्याच्या पेढ्यांमार्फत येत असत. स्वातंत्र्यानंतर त्यांची जागा जम्मू आणि बिहारमधील मुंगेर येथील कारखान्यांच्या आणि सरकारी आयुध निर्माणीच्या बंदुकांनी घेतली. विलायती असो की मुंगेरी, या जुन्या घडणीच्या दुनळीत चोक असलाच तर तो नळीच्या अंगातच असतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करण्याची वाट जवळजवळ बंद झाल्यामुळे बदलत्या चोकच्या बंदुका इथे फार थोड्या पोहोचल्या. ज्या पोहोचल्या त्या मुख्यतः क्रीडानेमबाजांकडे आहेत किंवा हस्तांतराने दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या आहेत. हस्तांतरित बंदुकीबरोबर मूळ पेटी, जादा ट्यूबा आणि त्या फिरवण्याचा पाना क्वचितच येतो, आणि म्हणूनच बदली ट्यूबचा शोध याच मालकांना अधिक करावा लागतो.

महाराष्ट्राने नेमबाजीत मोठे नाव मिळवले, पण ते रायफल आणि पिस्तुलाच्या प्रकारांत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे रायफलमधील जागतिक विजेतेपद मिळवले, आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. मातीच्या उडत्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडण्याचे ट्रॅप आणि स्कीट हे प्रकार मात्र राज्यात तेवढे रुजले नाहीत. नांदेड-लातूरकडच्या हौशी नेमबाजाला त्यासाठी पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे, आणि त्याच शहराचे किनान चेनाय हे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रॅप प्रकारात उतरले होते. रायफलच्या नळीत चोक हा प्रकारच नसल्यामुळे रायफल जाणणाऱ्या अनुभवी प्रशिक्षकाकडेही या विषयाचे उत्तर तयार असेलच असे नाही, आणि ती पोकळी ऐकीव माहितीने भरली जाते. या विषयावर मराठीत नेमकेपणाने लिहिण्याची गरज आहे ती त्यामुळेच.

पहिले काम आहे ते आपल्या नळीला चोक ट्यूब आहे की नाही हे पाहण्याचे. त्यासाठी बंदूक आधी उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची नळीच्या मागच्या टोकाची जागा, रिकामी असल्याची खात्री डोळ्याने आणि बोटाने करावी. दुनळी असेल तर पुढचा लाकडी हातपट्टा काढून नळ्या दस्त्यापासून पूर्णपणे वेगळ्या कराव्यात, आणि पंप किंवा स्वयंभरण बंदूक असेल तर नळी उतरवून घ्यावी. जोडलेल्या बंदुकीच्या तोंडात डोकावण्याचे कारण कधीच निर्माण होऊ देऊ नये. वेगळी केलेली नळी उजेडात धरून तिच्या तोंडाची कड निरखली की फरक दिसतो. बदलता चोक असेल तर एका कड्यात दुसरे कडे बसवल्याप्रमाणे दोन वर्तुळे दिसतात, त्यांच्यामध्ये केसाएवढी बारीक रेघ असते, आणि आतल्या कड्यावर पान्याचे दात अडकवण्यासाठी समोरासमोर खाचा कापलेल्या असतात. काही ट्यूबा नळीच्या बाहेर एक-दोन सेंटिमीटर डोकावतात आणि त्यांच्या बाहेरच्या अंगावर बोटांना पकड मिळावी म्हणून खरखरीत नक्षी असते. बारीक रेघ नाही, खाच नाही, कडेचे पोलाद सलग एकजीव आहे, असे असेल तर चोक कायमचा आहे किंवा नळी सरळ आहे. बऱ्याच वर्षांच्या बंदुकीत गंज, तेलाची साय आणि काजळी यांनी ती रेघ आणि खाचा इतक्या भरलेल्या असतात की सराईत नजरही फसते, म्हणून हा तपास कड स्वच्छ पुसल्यानंतरच करावा.

जुन्या विलायती दुनळीच्या बाबतीत नळीच्या खालच्या बाजूला ठोकलेले शिक्के बरेच काही सांगतात. इंग्लंडमध्ये नळीची दाबचाचणी करून शिक्का मारणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि १८७५ च्या नियमांनंतर चोक असलेल्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे एकसंध गोळीसाठी नव्हे, असा इशारा कोरला जाऊ लागला. १८८७ नंतर त्याची जागा ‘चोक’ या शब्दाने घेतली. विसाव्या शतकातील नळ्यांवर १२, १३ किंवा १३ खाली १ असे बोअरचे आकडे आढळतात, आणि १९५४ नंतर आतील व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिला जाऊ लागला. बोअर हे माप मुळात वजनावरून आले आहे: एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास येतो तो बारा बोअरचा, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणूनच बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होते, हे नवख्याला उलटे वाटणारे गणित आहे. हे शिक्के खोडणे, घासणे किंवा बदलणे हा शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमाखाली गुन्हा आहे, म्हणून साफसफाई करतानाही तिथे पॉलिश पेपर लावू नये.

कायमचा चोक असलेल्या नळीला आटे पाडून बदलता चोक बसवून घ्यावा, ही कल्पना अनेकांना सुचते, आणि लेथवर काम करणारे कसबी कारागीर औद्योगिक वसाहतीत हाकेच्या अंतरावर असल्याने ती सोपीही वाटते. ती मनातून काढून टाकावी. दुनळीच्या नळ्या तोंडाशी एकमेकींकडे किंचित झुकवून झाळलेल्या असतात, त्यामुळे नळीचे आतले आणि बाहेरचे वर्तुळ तंतोतंत एककेंद्री असेलच असे नाही; तोंडाशी भिंतीची जाडी बऱ्याचदा एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि तेवढ्या पोलादात ट्यूबसाठी खोबण कोरून वर आटे पाडले की एका बाजूला धातू कागदासारखा उरतो. शिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्यासाठी पाचव्या कलमानुसार स्वतंत्र परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यावर सहाव्या कलमाचा निर्बंध आहे. नळीचे तोंड कापले की चोकही त्याबरोबर जातो, ही तांत्रिक हानी तर वेगळीच. परवाना नसलेल्या कारागिराने केवळ ओळखीखातर हे काम केले तरी तो आणि बंदूकमालक दोघेही अडचणीत येतात.

ज्यांच्या नळीला खरोखर आटे आहेत त्यांच्यासाठी पुढचा टप्पा मापाचा. चोकचे मोजमाप म्हणजे नळीच्या मधल्या भागाच्या आतील व्यासातून तोंडाशी असलेला सर्वांत अरुंद व्यास वजा करणे. इंग्रजी परंपरेत हा फरक इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे पॉइंटमध्ये सांगतात, आणि युरोपात मिलिमीटरमध्ये. मराठी वाचकाला मिलिमीटरची रीत सहज पेलेल, कारण तिच्यात पाव मिलिमीटरचा फरक म्हणजे पाव चोक, अर्ध्याचा अर्धा, पाऊणचा पाऊण आणि एक मिलिमीटरचा फुल चोक असा सरळ हिशेब बसतो. फरक मुळीच नसेल तर त्या नळीला सिलिंडर म्हणतात, आणि सिलिंडर व पाव यांच्या मधोमध स्कीटचा चोक येतो. अमेरिकी ट्यूबांवर पावला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, अर्ध्याला मॉडिफाइड आणि पाऊणला इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड अशी नावे असतात. यांचा परिणाम मोजण्याची जुनी ठरलेली रीत अशी की ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, ३० इंच किंवा ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात काडतुसातील किती टक्के छर्रे पडतात ते पाहायचे: सिलिंडरमध्ये सुमारे ४०, पाव चोकमध्ये ५०, अर्ध्यात ६०, पाऊणमध्ये ६५ आणि फुलमध्ये ७० टक्के. सिलिंडर आणि फुल यांच्यातला हा सगळा पसारा अवघ्या एका मिलिमीटरात सामावलेला आहे हे ध्यानात घेतले, की ‘जवळपास बसते’ अशी ट्यूब का चालत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

चोकची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. न्यूकॅसलच्या विल्यम पेप यांनी १८६६ मध्ये तिचे पेटंट घेतले, अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६८ मध्येच नळीवर फिरवून बसवण्याच्या चोकचे पेटंट मिळवले, आणि बर्मिंगहॅमचे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी १८७४ च्या सुमारास भरवशाचा फुल चोक घडवून दाखवला. आजच्या धर्तीची, नळीच्या आत बसणारी ट्यूब विंचेस्टर कंपनीने १९६९ मध्ये विंचोक या नावाने आणली आणि रेमिंग्टनचा रेम चोक १९८६ मध्ये आला. म्हणजे त्याआधीची रेमिंग्टन ८७० हाती असेल आणि नळी मूळचीच असेल, तर तिच्यासाठी रेम चोक शोधत फिरण्यात अर्थ नाही. तिचा चोक कायमचा आहे.

पुढे प्रत्येक कंपनीने आपापली घडण काढली, आणि बदली ट्यूबचा खरा गुंता तिथे आहे. आट्यांचा व्यास, दोन आट्यांमधले अंतर, आटे ट्यूबच्या कोणत्या भागात आहेत, ट्यूबची एकूण लांबी आणि आत टेकणाऱ्या कडेचा व्यास, या पाच गोष्टी जुळल्या तरच ट्यूब त्या नळीची. काही घडणी अनेक कंपन्यांत सामाईक आहेत: विंचोकची घडण विंचेस्टरबरोबरच ब्राउनिंगच्या मूळ इन्व्हेक्टर मालिकेत आणि मॉसबर्ग ५०० मध्येही चालते. पण त्याच ब्राउनिंगची इन्व्हेक्टर प्लस ही घडण वेगळी असून ती इन्व्हेक्टरच्या नळीत बसत नाही. बेरेटाचेही तसेच, मोबिलचोक, ऑप्टिमाचोक आणि ऑप्टिमाचोक एचपी ही एकाच कंपनीची तीन नावे परस्परांत अदलाबदल करता येत नाहीत. त्यामुळे ‘बेरेटाची ट्यूब’ किंवा ‘ब्राउनिंगची ट्यूब’ ही मागणी अपुरी आहे. घडणीचे नाव नळीच्या बाजूला किंवा जुन्या ट्यूबच्या अंगावर कोरलेले असते, आणि बदली ट्यूब मागवताना बंदुकीचे मॉडेल व नळीवरची ती अक्षरे जशीच्या तशी लिहून पाठवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

ट्यूबच्या कडेवरच्या खाचा किंवा अंगावरचे तारे चोकची जात सांगतात, परंतु त्यांची भाषा सगळीकडे एक नाही, आणि याचा फटका दुसऱ्या मालकाला हमखास बसतो. बेरेटाच्या पद्धतीत एक तारा म्हणजे फुल, दोन म्हणजे पाऊण, तीन म्हणजे अर्धा, चार म्हणजे पाव आणि पाच म्हणजे सिलिंडर. ब्राउनिंगच्या पद्धतीत एक तारा फुलचाच असला तरी तारा आणि आडवी रेघ म्हणजे पाऊण, आणि दोन तारे म्हणजे अर्धा. म्हणजे दोन ताऱ्यांचा अर्थ एका घरी पाऊण आणि दुसऱ्या घरी अर्धा, आणि ज्याने बेरेटाची सवय घेऊन ब्राउनिंग हाताळली त्याचा अंदाज दोन ताऱ्यांच्या ट्यूबपाशी एका पायरीने चुकणार.

शिक्क्यांहूनही मोठी फसगत नळीच्या व्यासामुळे होते. बारा बोअर या एका नावाखाली आज कमी-अधिक व्यासांच्या नळ्या विकल्या जातात: बेरेटाच्या मोबिलचोक काळातील अनेक नळ्यांचा आतील व्यास १८.४ मिलिमीटर, ऑप्टिमाच्या नळ्यांचा १८.६, तर ब्राउनिंगच्या इन्व्हेक्टर प्लसच्या नळ्या सुमारे १८.८५ मिलिमीटरपर्यंत मोकळ्या केलेल्या. आता तोंडाशी १७.९ मिलिमीटर व्यास असलेली ट्यूब घेतली तर १८.४ च्या नळीत फरक पडतो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे तो अर्धा चोक, आणि १८.८५ च्या नळीसाठी त्याच मापाच्या तोंडाची ट्यूब घडवली तर फरक होतो ०.९५, म्हणजे जवळजवळ फुल. नाव वाचून खरेदी करणाऱ्यापेक्षा माप घेऊन खरेदी करणारा पुढे असतो तो या हिशेबामुळे. हे माप साध्या व्हर्नियर कॅलिपरने नीट घेता येत नाही, कारण त्याचे चपटे जबडे गोल पृष्ठभागावर किंचित आत टेकतात आणि नळीच्या आत खोलवर पोहोचत नाहीत. त्यासाठी आतील व्यास मोजणारे बोअर गेज लागते, आणि ते काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून करवून घ्यावे. नळीच्या तोंडात नाणे अडकते की जाते यावरून चोक ठरवण्याची जी रीत काही ठिकाणी सांगितली जाते ती टाकाऊ आहे, कारण ती एकच व्यास पाहते आणि चोक हा दोन व्यासांमधला फरक आहे.

चुकीची ट्यूब नेमके काय करते हे नीट समजून घेतले पाहिजे. योग्य ट्यूब बसली की तिची आतली कड नळीच्या भिंतीपेक्षा किंचित मोकळी राहते, त्यामुळे छर्रे आणि त्यांना वाहून नेणारे प्लॅस्टिकचे किंवा नमद्याचे बूच, ज्याला वॅड म्हणतात, ते नळीतून ट्यूबमध्ये अडथळ्याविना सरकतात. ट्यूबची कड भिंतीच्या आत डोकावत असेल, तर सेकंदाला तीनशे-चारशे मीटर वेगाने येणारे छर्रे थेट तिच्यावर आदळतात. ट्यूब उखडून बाहेर फेकली जाते, नळीचे तोंड फुगते किंवा फाटते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला इजा होऊ शकते. आटे जुळल्यासारखे वाटून ट्यूब दोन-तीन वेढ्यांनंतर घट्ट झाली तर ते ‘बसते आहे’ याचे लक्षण नसून चुकीचे आटे एकमेकांना कापत असल्याचे आहे, आणि तिथेच थांबले पाहिजे. योग्य ट्यूब स्वच्छ आट्यांवर बोटांनीच शेवटपर्यंत सरकते, तळाशी ठामपणे टेकते, आणि पान्याचा उपयोग फक्त शेवटचा हलका ताण देण्यापुरता उरतो. पक्कड लावून ती पिळणे म्हणजे पुढच्या वेळी ती न निघण्याची सोय करणे आहे. ट्यूब न बसवता आट्यांच्या नळीतून बार काढणे तर पूर्णपणे टाळावे. उघड्या आट्यांत शिसे आणि वॅडचे प्लॅस्टिक भरते, पातळ भिंतीला आधार राहत नाही, आणि मग नवी ट्यूबही नीट टेकत नाही.

कोणता चोक निवडावा हे कामावर ठरते. ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजापासून दूर पळते आणि ती फुटेपर्यंत तिचे अंतर तीस मीटरच्या पलीकडे जाऊ शकते, म्हणून तिथे अर्धा ते फुल या पट्ट्यातले चोक वापरतात, आणि वर-खाली नळ्यांच्या बंदुकीत पहिल्या बाराला किंचित मोकळा व दुसऱ्याला घट्ट चोक ठेवतात. स्कीटमध्ये तबकडी जवळून आडवी जाते, तिथे स्कीट किंवा सिलिंडर. ऑलिंपिक नियमांत काडतुसातील छर्ऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, आणि एवढ्या थोड्या छर्ऱ्यांत वर्तुळ विरळ होऊ न देणे हे चोकचेच काम असते. जुन्या दुनळीत हाच विचार कायमस्वरूपी घडवलेला असतो: पुढचा घोडा उजवी नळी सोडतो आणि ती मोकळी असते, मागचा घोडा डावी सोडतो आणि ती घट्ट असते, कारण पहिल्या बाराचे अंतर जवळचे आणि दुसऱ्याचे लांबचे धरलेले आहे. बदली ट्यूबच्या मागे न लागता आपल्या दुनळीची ही घडण समजून कोणत्या वेळी कोणता घोडा ओढायचा ते ठरवणे, हे नांदेड-लातूरच्या बहुसंख्य बंदूकधारकांना अधिक उपयोगाचे आहे. बँकेच्या किंवा साखर कारखान्याच्या दारावरच्या रक्षकासाठी तर अंतर इतके थोडे असते की चोकमुळे फारसा फरक पडत नाही. तिथे नळीची निगा, काडतुसाचे वय आणि रक्षकाचा सराव यांचे मोल जास्त.

पीकसंरक्षणाचा विषय वेगळ्या जबाबदारीने पाहावा लागतो. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात आणि मांजरा-तेरणेच्या काठच्या उसात रानडुकरांचा त्रास शेतकऱ्याला रडवणारा आहे, हे नाकारता येत नाही. तरीही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली शिकार निषिद्ध आहे, आणि ११ व्या कलमानुसार वन विभागाच्या अधिकाऱ्याने लेखी परवानगी दिली तरच पिकाची नासाडी करणाऱ्या ठरावीक प्राण्यावर बार टाकता येतो. बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे, आणि काळवीट तर अनुसूची एकमधील प्राणी आहे. अशी परवानगी असलेल्यांपुढे चोकचा प्रश्न मोठ्या छर्ऱ्यांमुळे येतो. एसजी या जाडीच्या छर्ऱ्याचा व्यास साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि ३२ ग्रॅमच्या काडतुसात ते नऊ बसतात, बहुधा तीन-तीनच्या थरांत. एका थरातले तीन छर्रे शेजारी शेजारी सुमारे १८.२ मिलिमीटरचे वर्तुळ व्यापतात, १८.५ च्या नळीतून ते सुखाने येतात, पण १७.५ मिलिमीटरच्या फुल चोकमध्ये तो थर सरळ मावत नाही, छर्रे एकमेकांवर चढतात, दबतात, आणि बाहेर पडल्यावर वेडेवाकडे पांगतात. त्यामुळे एसजी किंवा त्याहून जाड एलजीसाठी घट्ट चोक म्हणजे लांब मारा, ही समजूत बरेचदा उलटी ठरते, आणि पाव किंवा सरळ सिलिंडर अधिक नेटका मारा देतो. अर्धवट जखमी झालेले रानडुक्कर उसात शिरले की त्याच्या मागे जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ असते, म्हणून हा तपशील केवळ हौसेचा नाही. एकच भरीव गोळी असलेले काडतूस फुल चोकमधून तर मुळीच सोडू नये. ‘नॉट फॉर बॉल’ हा दीडशे वर्षांपूर्वीचा इशारा आजही तितकाच खरा आहे.

ट्यूब मिळवायची ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावतीसह, आणि पावतीवर ट्यूबच्या घडणीचे नाव व चोकची जात लिहून घेऊन. शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे भागही मोडतात आणि आयातीसाठी दहाव्या कलमाचा परवाना लागतो, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाने सामानातून दोन ट्यूबा आणल्या तर विमानतळावरचा तपास साध्या सुट्या भागाचा राहणार नाही. क्रीडानेमबाजांना त्यांच्या संघटनेमार्फत आयातीच्या काही सवलती आहेत, त्याच मार्गाने गेलेले बरे. विक्रेत्याकडे हव्या त्या घडणीची ट्यूब नसेल आणि तो ‘हीच लावून बघा’ म्हणत असेल, तर रिकाम्या हाताने परत यावे. काडतुसाची निवडही याच वेळी करावी: पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा असून २०२१ नंतर तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आला, आणि तिथली केएफ काडतुसे इथे सर्वाधिक परिचयाची आहेत. चेंबरची लांबी ६५ मिलिमीटर असलेल्या जुन्या नळीत ७० मिलिमीटरचे काडतूस घालू नये, चोक कोणताही असो.

ट्यूब बसली म्हणजे काम संपत नाही, कारण टक्क्यांचे ते आकडे सरासरीचे आहेत आणि आपल्या नळीत, आपल्या काडतुसाने ते तसेच येतील याची हमी कोणी देत नाही. मान्यताप्राप्त रेंजवर साधारण सव्वा मीटर रुंदीचा कागद साडेछत्तीस मीटरवर लावावा, त्यावर एक बार काढावा, छर्ऱ्यांची दाटी जिथे सर्वाधिक आहे तिथे मध्य धरून ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे आणि आतली भोके मोजावीत. सहा नंबरच्या ३२ ग्रॅम काडतुसात सुमारे ३०५ छर्रे असतात. वर्तुळात १८० च्या आसपास भोके आली तर ट्यूब खरोखर अर्ध्या चोकसारखी वागते आहे, १५० आली तर ती पाव आहे, मग तिच्या कडेवर काहीही कोरलेले असो. एका बारावर भरवसा न ठेवता किमान पाच कागद मोजावेत आणि सरासरी घ्यावी. वर्तुळात कुठे तळहाताएवढी मोकळी जागा वारंवार राहते का तेही पाहावे, कारण टक्केवारी चांगली असूनही अशा भोकातून तबकडी सहीसलामत निसटते. मारा सतत एका बाजूला सरकत असेल तर ट्यूब नळीत तिरकी बसलेली असू शकते, आणि तसे असेल तर ती वापरातून काढून टाकावी.

मराठवाड्यात निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि बंदूक कित्येक आठवडे मालकाच्या हाताबाहेर राहते. त्याआधी ट्यूब काढून आटे तांब्याच्या बारीक ब्रशने साफ करावेत, त्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, ट्यूब पुन्हा बोटांनी टेकेपर्यंत बसवावी आणि जमा पावतीवर बंदुकीच्या क्रमांकासोबत ट्यूबचीही नोंद करून घ्यावी. पावसाळ्यात हेच काम महिन्यातून एकदा करावे लागते, कारण ट्यूब आणि नळी यांच्यामधल्या फटीत शिरलेली ओल बाहेरून दिसत नाही.